पाण्याखालची दोनशे पावलं

पत्र क्रमांक १
अल थुमामा, दोहा
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदा,

तुझ्या नावापुढे काय लिहायचं यात पंधरा मिनिटं गेली. आशीर्वाद लिहिले तर म्हणशील, आशीर्वाद पोस्टाने पाठवता आणि फोन करत नाही. पण फोन तूच घेत नाहीस. तेव्हा स्वल्पविराम दिला आणि थेट मजकुराला लागतो.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बोललेलं मराठी तुला सगळं कळतं, पण वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं, हे मी विसरलेलो नाही. एका ओळीत पाचच्या वर शब्द घेतलेले नाहीत. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांक घातलाय. माझी पत्रं क्रमानेच वाचावीत. मधलंच एखादं उचलून वाचलं की संदर्भ लागत नाही आणि माणसाबद्दल गैरसमज होतात.

तीन वर्षांपूर्वी तू तुझा प्रबंध पाठवलास, मी तो तपासून परत पाठवला, आणि त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. त्या विषयावर मला इथे काही लिहायचं नाही. एवढंच नोंदवतो की लाल पेन्सिलच्या एक्केचाळीस खुणांपैकी एकही चुकीची नव्हती.

आता मुद्दा. एक वेबसाइट आहे. अमेरिकेतले हौशी लोक जिथे जातील तिथल्या ऐतिहासिक पाटीचा फोटो काढतात आणि मजकूर, मापं, नकाशावरची जागा असं सगळं तिथे टाकतात. पंचवीस वर्षं मी पाट्या करतोय. त्याआधी आठ वर्षं टेंभुर्णीत दुकानांचे बोर्ड आणि ट्रकच्या पाठी रंगवल्या. दहावीनंतर मला कुणी शिकवलं नाही. जे शिकलो ते पाट्या बघून शिकलो. तेव्हा ही वेबसाइट म्हणजे माझ्यासाठी मोठं घबाड. तुझ्या गावापासून साठ मैलांत दोनशे चौदा पाट्या आहेत. शब्दकोश शेजारी ठेवून सगळ्या वाचल्या. गेल्या पावसाळ्यापासून दर शुक्रवारी मी तुझ्या मुलखात चालतोय असं समज. तुझी आई म्हणते, एक फोन केला असता तर एवढं चालावं लागलं नसतं.

निम्म्या पाट्या सरहद्दीवरच्या लाकडी किल्ल्यांच्या. मुलूख चेरोकी लोकांचा. इंग्रजांनी तिथे किल्ले बांधले, तेही चेरोकींच्या रक्षणासाठी म्हणून, आणि पुढे चेरोकींनीच ते वेढले. जुन्या पाट्यांवर किल्ल्यातल्या कॅप्टनचं नाव असतं, हुद्दा असतो, साल असतं. चेरोकींच्या वाट्याला दोनच शब्द: हल्ला केला. नव्या पाट्यांवर त्यांच्या गावांची नावं येतात, बायकांची येतात. पन्नास वर्षांत पाटीचं तोंड कुणीकडे वळलं ते दिसतं. हे तिथल्या कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

एक पाटी सिक्वोया नावाच्या माणसाची आहे. चांदीकाम करायचा, शाळा नाही. एकट्याने बसून त्याने आपल्या भाषेची लिपी तयार केली. बायकोने कागद जाळले म्हणतात, तरी केली. आणि पहिल्यांदा शिकवली कुणाला, तर सहा वर्षांच्या मुलीला. मुलगी घडाघडा वाचते हे बघितल्यावर लोकांचा विश्वास बसला. ही पाटी मी चार वेळा वाचली. ओतकाम चांगलं आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र. तुझ्या गावापासून नऊ मैलांवर, नदीकाठच्या किल्ल्याजवळ, डिसेंबरात एक नवी पाटी लागली आहे. मजकूर असा: वेढा पडला, आत शिपाई उपाशी, तेव्हा त्यांना नवरे मानलेल्या चेरोकी बायका पलीकडच्या गावातून मका आणि शेंगा घेऊन, दोनशे पावलांची नदी ओलांडून, रोज किल्ल्यात येत.

दोनशे पावलं! मी उपग्रहाच्या नकाशावर माप घेतलं. तीन ठिकाणी घेतलं. अकराशे चाळीस मीटरच्या खाली पात्र येतच नाही. डोक्यावर मका घेऊन किलोमीटरहून जास्त पाण्यातून बाई चालत येईल का? लिहिणाऱ्याने नदी पाहिली तरी आहे का?

मी बुधवारी तिथल्या समितीला कळवलंय. सोळा पानं, मोजमापाच्या चित्रांसह. आपल्या वर्कशॉपच्या लेटरहेडवर. अकरा ठिकाणी प्रती दिल्या, म्हणजे दाबून टाकता येणार नाही. तू तिथे जवळच आहेस. जाऊन बघ. चार बोल्टपैकी उजवीकडचा वरचा अर्धा इंच खाली बसलाय, तेही दिसेल.

आई सांगते तुझं लिखाणाचं काहीतरी काम चालू आहे. कसलं ते सांगत नाही. चांगलंच असेल.

देवीदास गलांडे
तुझे वडील

---

पत्र क्रमांक २
अल थुमामा
रविवार, २ मार्च २०२५

चि. ज्ञानदा,

आज घाईघाईने लिहितोय, त्यामुळे अक्षर उजवीकडे कललंय. माफ कर.

समितीचं उत्तर आलं! "आदरणीय श्री. गलांडे" अशी सुरुवात. माझ्या तपशीलवार अहवालाबद्दल ते आभारी आहेत. मजकुराची फेरतपासणी होईपर्यंत पाटी उतरवली आहे. उतरवली! दोहात बसून मी अमेरिकेतली पाटी उतरवली.

वर्कशॉपमध्ये काशिफला वाचून दाखवलं. काशिफ म्हणजे आमचा राउटर, म्हणजे अक्षरं कोरायच्या मशीनवाला, श्रीवर्धनचा. त्याचा कालपासून रोजा सुरू, म्हणून पेढे घरीच ठेवले होते. तो मशीन बंद करून म्हणाला, "देवीदासभाई, तुम्ही जन्नतला गेलात ना, तरी आधी दरवाजावरच्या पाटीला लेव्हल लावाल."

"वाकडी असेल तर सांगायला नको?"

"आणि त्या पायी आतच घेतलं नाही तर?"

"तर निदान पाटी सरळ होईल."

सगळे हसले. मीही हसलो. मग तो सहज म्हणाला, "पण भाई, ज्याने ती पाटी लिहिली, त्या बिचाऱ्याचं काय?"

मी म्हटलं, ज्याला नदी मोजता येत नाही त्याने पाट्या लिहू नयेत.

रमजानमुळे सुट्टी लवकर झाली. घरी आलो तेव्हा तुझी आई पोळ्या करत होती. उत्तराची प्रिंट आणि पाटीचा फोटो तिच्या समोर धरला. तिने पिठाचा हात तसाच वर धरून फोटो बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "ही पाटी?"

"हीच. का?"

"हीच उतरवली?"

पोळी तव्यावर करपली. एकोणतीस वर्षांत तुझ्या आईची पोळी करपलेली मी पाहिलेली नाही. गॅसही मीच बंद केला. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. तासभर झाला. मधूनमधून आवाज येतोय. तुझ्याशीच बोलत असणार, दुसऱ्या कुणाशी ती एवढं हळू बोलत नाही.

काय झालंय ते कळत नाही. पेढ्यांचा डबा टेबलावर तसाच आहे.

देवीदास गलांडे

---

पत्र क्रमांक ३
बुधवार, ५ मार्च २०२५

ज्ञानदा,

तुझ्या आईने दोन दिवसांनी तोंड उघडलं. जे बोलली ते तसंच लिहितो, म्हणजे माझ्याकडून फेरफार झाला असं व्हायला नको.

"अहो, ती पाटी ज्ञानूने लिहिली. वर्षभर त्या समितीत तेच काम करत होती. ती पहिली पाटी तिची. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस, ते लाल पेन्सिल काढतील. आणि तुम्ही काढलीत! ती नऊ हजार मैल लांब गेली तरी काढलीत!"

मैल नऊ हजार नाहीत, सात हजारांच्या आसपास आहेत. हे मी बोललो. बोलायला नको होतं.

मग ती म्हणाली की समितीच्या बैठकीत अकरा प्रतींपैकी पाच प्रती टेबलावर होत्या, आणि त्यांनी तुला विचारलं, हा गलांडे कोण? तू सांगितलंस, माझे वडील.

आता माझं म्हणणं ऐक.

मला माहीत नव्हतं. पाटीवर लिहिणाऱ्याचं नाव नाही, समितीचं आहे. तुम्ही दोघींनी मिळून माझ्यापासून लपवलंत, त्याचा दोष माझ्याकडे येत नाही. मी मजकूर तपासला, माणूस तपासला नाही. आणि तपासल्यावर जे निघालं ते निघालं. लिहिणारी माझी मुलगी निघाली म्हणून नदी अरुंद होणार नाही. अकराशे चाळीस मीटर म्हणजे अकराशे चाळीस मीटर.

तू एवढी शिकलीस. मी ट्रकच्या मागे अक्षरं रंगवून शिकलो. पण मी आजवर माप न घेता एक खिळा मारलेला नाही. तू नदीकाठी उभी राहून एकदा नुसतं समोर बघितलं असतंस तर ही वेळ आली नसती. चूक बापाने दाखवली की परक्याने, याने फरक पडायला नको. चूक कबूल करायला मोठेपणा लागतो. तो तू दाखवावास, समितीला स्वतः पत्र लिहावंस, हे माझं मत.

राग येईल. येऊ दे.

दे. गलांडे

---

पत्र क्रमांक ४
शुक्रवार, २१ मार्च २०२५

ज्ञानू,

हे पत्र मी सहा वेळा सुरू केलं. नेहमी कच्चं करून मग पक्कं लिहितो, तुला माहीत आहे. या वेळी कच्चंच पाठवतो. खाडाखोड दिसेल.

तुझी नोकरी गेली, हे आईने शनिवारी सांगितलं. पाटीवर वाद आला की तपासणीला सहा महिने लागतात, तुझा करार त्या पाट्यांपुरताच होता, आणि तोवर समितीला थांबायचं नाही. आणि नोकरी गेली की व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत देश सोडायचा. चौदा मे.

मी म्हटलं, पण चूक तर होती ना. आईने पाठ फिरवली. तेव्हा मी तिला पटवण्यासाठी वेबसाइट पुन्हा उघडली. पुरावा दाखवायला. ऐक, मी पुरावा दाखवायला उघडली.

तुला पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या मुलखातल्या सगळ्या दोनशे चौदा पाट्या वाचल्या. खोटं होतं. पाट्या दोनशे पंधरा आहेत. एक मी सोडली होती. फोटो हललेला होता, अक्षरं धूसर. असा फोटो टाकणाऱ्याला दोन शिव्या दिल्या आणि पुढे गेलो.

ती मी शनिवारी मोठी करून, एकेक अक्षर लावत वाचली. दीड तास लागला. ती धरणाची पाटी आहे. १९७९ साली दरवाजे बंद झाले, पाणी चढलं, नदीचा तलाव झाला. किल्ल्याच्या समोरचं गाव, त्याच्या पलीकडचं गाव, शेतं, थडगी, सगळी पाण्याखाली. किल्लासुद्धा मातीची भर घालून उंच उचलून पुन्हा बांधलेला.

म्हणजे मी तलाव मोजला. तू नदी लिहिली होतीस.

आणि खरं सांगायचं तर नकाशावर त्या निळ्या पट्ट्यावर "लेक" असं लिहिलेलं आहे. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. ते मला जानेवारीतही दिसलं होतं. पण एकदा माप हातात आलं की मला दुसरं काही दिसत नाही.

मी आईला सांगितलं. तिला वाटलं मी काहीतरी बचाव करतोय, म्हणून आधी तिने ऐकलंच नाही. मग ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्या आईची चूल उजनीच्या पाण्याखाली आहे. आणि तुम्ही पाणी मोजत बसलात."

मी सहा वर्षांचा होतो. बैलगाडीत पत्रे, दारं, चौकटी घालून आम्ही वर सरकलो आणि खाली भीमेचं पाणी यायला लागलं. नवीन गावातली मुलं आम्हाला "बुडीतवाले" म्हणायची. उजनीचं पाणी आता जिथे समुद्रासारखं दिसतं तिथे उन्हाळ्यात माझा बाप नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचा आणि माझी आई, तुझी आजी, डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन नदी ओलांडून त्याच्याकडे जायची. हे मी तुला अल गराफाच्या जुन्या घरात झोपताना सांगायचो. तू दर वेळी विचारायचीस, "किती पावलं?" मी म्हणायचो, दोनशे दहा. तू म्हणायचीस, "काउंट करून दाखवा." मग मी तुझ्या पाठीवर दोन बोटांनी चालायचो. दीडशेच्या आसपास तू झोपायचीस.

वेबसाइटवर पाटीच्या खाली तू वापरलेल्या जुन्या पत्राचा उतारा आहे. एका शिपायाचं पत्र. त्यात "यार्ड" आहे. दोनशे यार्ड. तू पाटीवर पावलं लिहिलीस. तेव्हा मी अहवालात नवव्या पानावर लिहिलं होतं की "पाऊल हे प्रमाणित माप नाही".

ज्ञानू, मी हे कसं लिहिलं?

अजून एक. तू सहा वर्षांची असताना पाटीवर स्वतःचं नाव काढलं होतंस. ज्ञ वाकडा आला. मी पुसला. पुन्हा काढलास, पुन्हा पुसला. अकरा वेळा. त्यानंतर तू नाव इंग्रजीत लिहायला लागलीस आणि मी सगळ्यांना सांगत आलो की इंग्रजी शाळेने मुलीचं मराठी घालवलं. प्रबंधाचंही तसंच. तो बुडालेल्या गावांवर होता. मी समासाची रुंदी तपासली. पहिल्या पानावर "माझ्या बाबांच्या गावाला" असं छापलेलं होतं, आणि त्या ओळीवर मी खूण केली होती की ओळ मध्यभागी नाही.

चूक माझी आहे. तुझी नदी बरोबर होती. दोनशे पावलं बरोबर होती.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते

इथे काय लिहायचं ते सुचत नाही. तसंच सोडतो.

बाबा

---

पत्र क्रमांक ५
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

ज्ञानू,

काय काय केलं ते सांगतो. उपयोग झालेला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचताना आशा लागणार नाही.

समितीला चार मेल केले. माझा अहवाल चुकीचा आहे, मी तो मागे घेतो, लेखिकेचा मजकूर अचूक आहे. अकराच्या अकरा ठिकाणी प्रती दिल्या. नऊ ठिकाणांहून आपोआप येणारं उत्तर आलं. एका ठिकाणाहून दिवाळी अंकासारखं एक वार्तापत्र सुरू झालं, त्यांनी मला सभासद करून घेतलंय. अकराव्या ठिकाणाहून काही नाही.

मग फोन केला. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे इथले संध्याकाळचे पाच. वाक्यं लिहून काढली, काशिफसमोर तीनदा म्हणून दाखवली. तो म्हणाला, "भाई, एवढा सॉरी म्हणायला कुणी रिहर्सल करत नाही." पाऊण तास थांबवून ठेवल्यावर एका बाईंनी फोन घेतला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, फाइल बंद झाली, पाटी गोदामात आहे, पुढचा विचार पुढच्या आर्थिक वर्षात. मी म्हटलं, मॅडम, ती माझी मुलगी आहे. त्या म्हणाल्या, हो, ती फार हुशार होती. "होती" म्हणाल्या. मग म्हणाल्या, आमच्या वारशात इतका रस घेतल्याबद्दल धन्यवाद, आणि तुमचा दिवस चांगला जावो.

दिवस संपला होता. मगरिबची अजान सुरू झाली होती. मी फोन हातात धरून काशिफच्या मशीनजवळ उभा राहिलो. तो नमाजला गेला, परत आला, मी तिथेच होतो. त्याने खुर्ची दिली.

वकिलाला विचारलं, अल रय्यानमधल्या एकाला. तो म्हणाला, अमेरिकेचं काम माझ्याकडे नाही, पण माझ्या ऑफिसची पाटी निघाली आहे, बघता का? बघितली. नवे स्क्रू लावून दिले. दुसरं काय करणार?

एक गोष्ट केली आहे. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडून घेतलं आणि तुझी पाटी केली. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, तुझ्या मूळ मापाची, तोच रंग, तुझा मजकूर. काशिफने अक्षरं कोरली, मी रंग भरला. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम मला खटकत होता. पंधरा मिनिटं पाटीसमोर बसलो. काढला नाही.

पाटी तयार आहे. लावायला जागा नाही. तिथे नेऊन लावायचा मला अधिकार नाही, इथे कतारमध्ये तिचा कुणाला अर्थ नाही. घरी आणून कपाटामागे उभी केली आहे. आई झाडू मारताना ती बाजूला सरकवते आणि पुसून पुन्हा जागेवर ठेवते. आमच्यात अजून त्यावर बोलणं झालेलं नाही.

तुझे किती दिवस राहिले ते मी मोजतोय. कॅलेंडरवर खूण करत नाही, आईला दिसतं म्हणून. मनात मोजतो. सव्वीस.

पहिली चार पत्रं पोहोचल्याची पोस्टाची नोंद आहे. उघडलीस की नाही याची नोंद पोस्ट ठेवत नाही.

बाबा

---

पत्र क्रमांक ६
मंगळवार, १३ मे २०२५

ज्ञानू,

हे पत्र जयमाला आत्याच्या पत्त्यावर टाकतोय. तू तिच्याकडे उतरणार असं आईकडून कळलं. तिच्या ओट्यावरून उजनीचं पाणी दिसतं. उन्हाळा आहे, पाणी उतरलं असेल, जुन्या देवळाचा कळस कदाचित दिसत असेल. आत्याला विचार.

काल तू दोहातून गेलीस. पुण्याचं विमान इथून बदलणार, साडेचार तास विमानतळावर, हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. आपल्या घरापासून विमानतळ गाडीने बारा मिनिटं. बाहेर येणार नाही असं तू आईला सांगितलं होतंस. आणि आत आम्हाला सोडत नाहीत. बारा मिनिटांवर तू, आणि मध्ये नुसत्या काचा.

मी सुट्टी टाकली होती. दुपारी गच्चीवर गेलो. एक्केचाळीस अंश. आई खालून म्हणाली, "तिथून काय दिसणार?" मी म्हटलं, विमान दिसेल. "कुठलं ते कसं कळणार?" तिचं बरोबर होतं. तीन ते सव्वातीनमध्ये सहा विमानं उतरली. मी सगळ्यांकडे बघितलं.

मग ऊन उतरल्यावर, साडेसहाच्या सुमाराला खाली आलो तर आई फोनवर तुझ्याशी बोलत होती. तिने बोलता बोलता माझ्याकडे बघितलं, "थांब हं," म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला. मला काही सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नाही.

तीन वर्षं दोन महिने. वाक्य तयार होतं, ज्ञानू. चांगलं होतं. किती दिवस घासून ठेवलेलं.

मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?"

तुझ्या मागे अनाउन्समेंट चालू होती, लहान मूल रडत होतं. मग तू म्हणालीस, "घेतली."

"तिथे गेटजवळ नळ आहे. फुकट मिळतं. विकत घेऊ नकोस."

"ओके."

"बरं."

मग तू म्हणालीस, "तुमची लेटर्स माझ्याबरोबर आहेत. आधी ओपन नव्हती केली. फ्लाइटमध्ये वाचतेय. हळू वाचते मी, यू नो."

"हो. म्हणून अक्षर मोठं काढलं."

"नंबर टाकलेत तुम्ही. त्या ऑर्डरने वाचतेय. आत्ता थर्ड संपलं."

आणि गेटवर तुझा नंबर पुकारला. "बाबा, आय हॅव टू गो," म्हणालीस, आणि गेलीस. "बाबा" म्हणालीस. पण तिसरं वाचून म्हणालीस. "मोठेपणा तू दाखवावास" वाचून. तिसरं पाकीट मिटून तू रांगेत उभी राहिलीस, चौथं बॅगेत, आणि मी फोन कानाला लावून "ऐक, ऐक" म्हणत होतो, तेव्हा तो बंद झालेला होता.

मी आईला म्हटलं, "लगेच मेसेज कर. तिला सांग, चौथं आधी वाच. तिसरं सोड, चौथं काढ."

तिने फोन घेतला आणि खिशात टाकला.

"करत नाही?"

"नाही."

"का?"

"तिसरंही तुम्हीच लिहिलंय. वाचू दे तिला."

मी तिच्याशी वाद घातला नाही. ती आत गेली, चहा टाकला, दोन कप घेऊन आली. आम्ही बाल्कनीत बसलो. साडेसातला एक विमान उठलं, उजवीकडे वळलं. वेळेवरून तुझंच असावं. आईने हात केला. मी नाही केला, खात्री नव्हती म्हणून. मग ते फार लहान झालं, तेव्हा केला.

तू चौथं विमानात उघडलंस का, की झोपलीस, की तिसरं वाचून बाकीची पाकिटं पुढच्या सीटच्या खिशात तशीच ठेवून उतरलीस, हे मला कळायला मार्ग नाही. सफाईवाले खिसे रिकामे करतात. त्यांचं काम आहे ते.

"चौथं आधी वाच" असं या पत्राच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरात लिहिणार होतो. मग लक्षात आलं, याच्यावर मीच सहा नंबर घातलाय.

बाबा